बॉनेटपुढचा वारा

माझ्या सासऱ्यांचा उजवा हात थरथरायला लागला आणि घरातल्या वस्तू एकेक करून त्यांच्यापासून लांब गेल्या. आधी स्कूटरची किल्ली गेली, मग विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, शेवटी साधी पक्कडसुद्धा. कुणी काही हिसकावून घेतलं नाही. "राहू द्या, मी करतो," एवढंच जो तो म्हणायचा. ज्यांनी फौजेत उभी हयात ट्रक दुरुस्त करण्यात घालवली, त्यांना आमच्या घरात बल्ब बदलायचीही सोय उरली नव्हती. मला ते बघवत नसे, पण "राहू द्या" म्हणणाऱ्यांत मीही होते, खोटं कशाला सांगू.

गेल्या ऊसतोडीच्या हंगामात आमच्या जुन्या गाडीचा रेडिएटरचा पंखा जळाला. मी रहिमतपूरहून कोरेगावला शाळेत शिकवायला जाते, ती याच गाडीनं. नवऱ्यानं साताऱ्यातल्या भंगारातून दुसऱ्या गाडीचा पंखा आणला, रविवारी गॅरेजला जाऊ म्हणाला, आणि रविवारी नेमकी त्याला कंपनीत जादा पाळी लागली. सोमवारी मला गाडी हवीच होती. शेवटी मी तो पंखा उचलला आणि अंगणात बसलेल्या मामांपुढे ठेवला. सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात. अडला हरी म्हणतात ना, तशातलीच माझी गत होती. त्यात सुनेचा मोठेपणा काही नव्हता.

मामांनी पंख्याचं पातं बोटानं फिरवून बघितलं. मग उठून कपाटामागे ठेवलेली पक्कड स्वतःच शोधून घेऊन आले. आम्ही ती कुठं ठेवली होती हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

पंख्याचा प्लग आमच्या गाडीला बसत नव्हता, म्हणून तो कापून तारा थेट जोडायचं ठरलं. पण पंख्याच्या दोन्ही तारा मळून एकसारख्या काळ्या झालेल्या. प्लस कुठली, मायनस कुठली? मामांनी पंखा मांडीवर घेतला आणि तारा बॅटरीला लावून बघितल्या. तोंडावर झकास वारा आला. ते खूश झाले, तारांना खूण केली. मग मनगट गाडीच्या पत्र्यावर टेकवून हात स्थिर केला, तारा सोलल्या, पिळल्या, टेप गुंडाळली आणि टेपवर पांढरा दोरा घट्ट बांधला. इंजिनच्या उष्णतेनं टेप सुटते, दोरा सुटत नाही, ही त्यांची फौजेतली शिकवण. मी फक्त तारा धरून होते.

गाडी चालू केली. इंजिनच्या तापमानाचा काटा वर आला तसा पंखा सुरू झाला. मामांनी बॉनेटपुढच्या जाळीला हात लावून मला बोलावलं. खरंच, काय वारा होता! माझा पदर उडाला. शेजारच्या काकूही येऊन वारा खाऊन गेल्या. संध्याकाळी नवऱ्यानंही तिथं तोंड नेऊन बघितलं आणि वडलांना म्हणाला की जमतंय की अजून. त्या दिवशी मामा एक भाकरी जास्त जेवले.

सोमवारी कोरेगावच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला. त्याच्यामागे मुंगीच्या पावलानं चालताना काटा बघता बघता तांबड्या रेघेला टेकला. मी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं, तर पंखा आपला जोरात फिरतोय. मग वारा कुठवर जातोय ते बघायला वहीचं पान फाडून जाळीपुढे धरलं, तर ते उडून रस्त्यावर गेलं.

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. माझं माहेरही उसाचं. विहिरीची मोटार उलटी फिरली की आवाज पुरा येतो आणि पाणी जेमतेम; मग वडील दोन तारांची अदलाबदल करायचे. गाडीच्या पंख्यानं बाहेरचा वारा आत ओढायचा असतो. आमचा पंखा तो बाहेर फेकत होता आणि आम्ही सगळे त्यापुढं उभं राहून वारा खात होतो.

इंजिन निवल्यावर मी फ्यूज काढला, मामांचा दोरा तोडून तारांची अदलाबदल केली, डिकीतली टेप गुंडाळली. आता पान जाळीला चिकटलं. शाळेत उशीर झाला, बोलणी खाल्ली. घरी मात्र हे कुणालाच सांगायचं नाही, असं मी ठरवलं. सांगितलं असतं तर पक्कड पुन्हा कपाटामागे गेली असती. स्वतःच्या शहाणपणावर मी बेहद्द खूश होते.

संध्याकाळी मामांनी विचारलं, गाडी कशी चालली. एकदम चांगली, मी म्हणाले. त्यांनी बॉनेट उघडलं.

"माजा दोरा कुठाय?"

पडला असेल, मी म्हणाले. त्यांनी मला इंजिन चालू करायला लावलं. पंखा फिरायला लागला तसा खांद्यावरचा टॉवेल जाळीपुढे धरला. टॉवेल जाळीला चिकटला. त्यांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला आणि इंजिन बंद कर म्हणाले.

"उलटा लावला हुता व्हय मी?"

"व्हय, मामा."

"आन मला सांगितलं न्हाईस."

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटले.

"फौजेत सायेब चारचौघांत शिव्या द्यायचा," ते म्हणाले. "पन दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्यांदा माज्याच हातात द्यायचा. तुमी कुनी मला बोलत न्हाईसा, आन कामबी देत न्हाईसा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी सगळं सांगून टाकलं: पंखा उलटा लागला, गाडी तापली, तासभर रस्त्यावर उभी राहिले, मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर झापलं. ते मान डोलवत ऐकत होते, आणि कितीतरी दिवसांनी मला त्यांचा चेहरा मोकळा दिसला. ऐकून झाल्यावर त्यांनी माझा जोड चिमटीत धरून हलवला.

"तुजी टेप लय सैल हाय. सोड ती."

मी सोडली आणि पक्कड त्यांच्या हातात दिली. दोऱ्याची गाठ मारायला त्यांना खूप वेळ लागला. दोनदा दोरा हातातून निसटला. मी तारा धरून उभी राहिले आणि "राहू द्या" म्हणाले नाही.