आईचं स्पेलिंग

रविवारी सकाळी सारसोळ्याच्या कोळीवाड्यात घरी मी व्हिएतनामला जायचे सगळे कागद फरशीवर मांडून बसलो होतो. गुरुवारचं विमान. आई आणि मी, दोघंच. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास, आणि आईचं तर पहिलंच विमान.

व्हिएतनाम आईनेच निवडलं. माझ्या मोबाईलवर तिथल्या होड्या बघून म्हणाली, "ही तं आपल्यासारखीच मानसा दिसतान." बास, ठरलं...

मी बारावीत दोनदा नापास झालो आणि पुढे शिकलो नाही. नेरूळला लग्नपत्रिका छापायच्या दुकानात प्रुफं तपासतो. त्यामुळे चूक दिसली की हात शिवशिवतो. तयारीही तशीच केली होती. आईच्या बीपीच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तिथल्या प्लगला चालणारी पिन, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. आई हरवली तर दाखवायला हॉटेलचा पत्ता त्यांच्या भाषेत छापून लॅमिनेट केला. ती सुका जवळा बॅगेत भरत होती, तो काढून ठेवला. "तिकरं मासली नाय भेटत काय?" असं मीच विचारलं, तेव्हा कुठे ऐकलं.

शेवटचं काम म्हणून पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवत गेलो. माझं जुळलं. आईचं जुळेना...

पासपोर्टवर येसोदा. वाय, ई, एस, ओ. व्हिसा एजंटने पासपोर्टच्या फोटोवरून भरलेला, म्हणून तिथेही येसोदा. तिकिटावर मात्र यशोदा. आणि तिकीट मी स्वतः काढलं होतं, पासपोर्ट न उघडता. आईचं नाव लिहायला पासपोर्ट कशाला बघायचा!

काउंटरवर आईला बाजूला उभं केलंय आणि मी आत गेलोय, असं चित्र डोळ्यांसमोर दिसायला लागलं. घाबरून मी आईवरच चिडलो. आधार काढताना चुकीचं नाव सांगितलंस, तेच पुढे पासपोर्टवर आलं, असं काहीतरी बोललो.

आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "चुकीचा कसा? माजा नाव येसोदाच हाय. माज्या आयशीनं ठेवलेला. यशोदा कोन?"

मी म्हटलं, माझ्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव यशोदा आहे.

"तो तुज्या गुरुजीनं लिवला, बाला. मना कोनी इचारला?"

मी विमान कंपनीला फोन लावला.

कस्टमर केअरला बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मॅडम आल्या. घाबरत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दोनच अक्षरांचा फरक आहे, पासपोर्टची कॉपी जोडून फॉर्म भरा, होऊन जाईल. मी तीनदा खात्री करून घेतली. तिसऱ्यांदा त्या हसल्या.

फॉर्ममध्ये दोन चौकटी होत्या. वरची 'चुकीचं नाव', खालची 'बरोबर नाव'. वरच्या चौकटीत यशोदा टाईप करताना बोट अडखळलं. इतकी वर्षं मला हेच शुद्ध वाटत होतं. खालच्या चौकटीत काय लिहायचं, ते आईला विचारलं. ती शेजारी येऊन बसली आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "ये... सो... दा."

संध्याकाळी नवीन तिकीट आलं. पासपोर्टशी पाच वेळा ताडून बघितलं... बरोबर आहे.

निघायच्या चार दिवस आधी का होईना, मला आईचं नाव कळलं. आईचे आभार. आणि त्या मॅडमचेही.