मी टीव्हीचा पॅक बंद केला तेव्हा

पैसे वाचवायला निघालं की पैसे वाचतील न वाचतील, किस्से मात्र भरपूर जमतात. ऑफिसात डबा खाताना एक सांगितला की दुसरा आठवतो. दुसरा सांगेपर्यंत समोरचा आपल्या घरचा तिसरा सांगतो. आमच्या घरी टीव्हीच्या खर्चावरून जे झालं ते मी इतक्यांदा सांगितलंय, की आता डबा उघडला की लोकच म्हणतात, "नंदू, तो मांजराचा सांग!"

सांगतो. पण आधी थोडं घरचं.

आम्ही चिंचपोकळीला चाळीत राहतो. मी, बायको वैशाली आणि आई. मुलगी शिकायला पुण्याला. शेजारच्या खोलीत परबअण्णा आणि परबवहिनी. अण्णा सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. घरात मी टेक्निकल माणूस समजला जातो. कारण एकदा आईचा मोबाइल सायलेंटवर गेला होता, तो मी काढून दिला. तेवढ्या भांडवलावर मी सगळं केलं!

*

आमच्या टीव्हीचा पॅक मोठा होता. त्यात कुठल्या कुठल्या भाषांचे चॅनल, मासेमारीचा एक, गाड्यांचा एक. आमच्याकडे गाडी नाही आणि मासे आम्ही बाजारातून आणतो. बघायचो आम्ही मोजून चार चॅनल. पॅकचे दर पुन्हा वाढले तेव्हा मी जेवताना जाहीर केलं, "बस झालं. मी उद्या हे बंद करतो!"

दुसऱ्या दिवशी कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडे एक मुलगी. आवाज असा, की रागावलेला माणूसही आधी खुर्चीत नीट बसेल.

"सर, तुम्ही आमचे इतके जुने ग्राहक आहात सर. आमचं काही चुकलं का सर?"

आता बघा, ऑफिसात मला कोणी सर म्हणत नाही. शिपाईसुद्धा 'ओ नंदूशेठ' म्हणतो. इथे दोन वाक्यांत तीन वेळा सर! मी म्हटलं, "नाही नाही, तुमचं काही नाही चुकलं हो..."

फोन ठेवला तेव्हा आमचा पॅक तसाच चालू होता आणि वर लहान मुलांचे चॅनल तीन महिने फुकट मिळाले होते. घरात लहान मूल म्हणजे मीच. वय अठ्ठेचाळीस.

वैशाली सगळं ऐकत उभी होती. म्हणाली, "नशीब, मला बघायला आलात तेव्हा माझी बहीण शेजारी बसली नव्हती!"

मग तिने स्वतः फोन लावला. दोन मिनिटांत पॅक बंद. मी चाटच पडलो. "असं काय सांगितलंस तिला?"

"सांगितलं, टीव्ही विकला."

*

आता पर्याय शोधायचा. कोणीतरी सांगितलं, सरकारी फुकटवाली डिश लाव, एकदा घेतली की दर महिन्याची कटकट नाही. मी लालबागला जाऊन डिश घेऊन आलो. फिटिंगवाला म्हणाला, दोन दिवसांनी येतो. तोवर डिश गॅलरीत उताणी ठेवली.

आई त्याच सकाळी वरळी कोळीवाड्यातून तिच्या नेहमीच्या कोळणीकडून सुका जवळा घेऊन आली होती. तो थोडा सर्दावलेला निघाला. आई गॅलरीत गेली तर समोर नवी कोरी परात, उन्हाला तोंड करून ठेवलेली. तिने जवळा छान पसरला आणि मला फोन करून म्हणाली, "झिला, परात बरी हाडलंस. पण खोल कमी असा."

मी ऑफिसात. कसली परात, मला पत्ता नाही. दोन दिवस जवळा त्या डिशमध्ये खडखडीत वाळला. तिसऱ्या दिवशी फिटिंगवाला आला, गॅलरीत गेला, वास घेतला, डिशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला,

"साहब, सिग्नल पकड़ना है या मछली?"

*

डिश तीनदा धुतली. साबणाने, लिंबाने, शेवटी चिंचेने. कठड्याच्या कोपऱ्यात फिट केली. चित्र काचेसारखं! मी अण्णांना मुद्दाम बोलावून दाखवलं.

पण माणसाच्या नाकाला जे कळत नाही ते मांजराच्या नाकाला कळतं. आमच्या मजल्यावरची मांजर संध्याकाळी बरोबर कठड्यावर यायची, डिशच्या दांड्यावर पुढचे पाय ठेवायची आणि मनापासून डिश चाटायची. की इकडे बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडाचे चौकोन! आवाज तुटक. "मुख्यमंत्र्यांनी... पष्ट के... की..." आणि खलास.

मग मी केरसुणी घेऊन गॅलरीत. मांजर उतरली की बाई परत अखंड. मी आत येऊन बसलो की मांजर वर. एकदा साहेबांचा फोन आला, "नंदू, काय करतोयस?" मी खरं ते सांगितलं, "सर, बातम्या बघतोय." हातात केरसुणी!

वैशाली म्हणाली, "पूर्वी रिचार्ज संपला की टीव्ही बंद व्हायचा. आता मांजर बसली की होतो. फरक एवढाच, की मांजरीला कस्टमर केअर नाही!"

*

मग मी इंटरनेटवर आलो. टीव्हीच्या मागे लावायची ती काडी घेतली, जिच्या रिमोटमध्ये बोललं की ती ऐकते. घरात वायफाय घेतलं. वैशालीने एकूण खर्च विचारला नाही, ही तिची माया.

आईला शिकवलं, "हे बटण दाबायचं आणि हवं ते बोलायचं."

"काय बोलू?"

"तुला जे बघायचंय ते."

आमची आई मालवणी. मुंबईत येऊन पन्नास वर्षं झाली, पण भाषेला तिने मुंबईची हवा लागू दिली नाही. तिने बटण दाबलं आणि नम्रपणे म्हणाली, "बाय गो, कायतरी बरां लाव."

त्या यंत्राला 'बरां' कुठून कळणार? त्याने ऐकलं 'बार'. लावला कुठल्यातरी परदेशी बारमधला कार्यक्रम. एक दाढीवाला बाटल्या उडवतोय, बर्फ हलवतोय, ग्लासांना लिंबाच्या चकत्या लावतोय. मी बदलायला धावलो, तर आई म्हणाली, "ऱ्हवांदे."

तासभर तिने ते मन लावून बघितलं. शेवटी पदराने चष्मा पुसत म्हणाली, "सरबतां बरी करता हो मेलो!"

गणपतीत पाहुणे आले तेव्हा कोकम सरबताच्या ग्लासांना लिंबाच्या चकत्या होत्या. कडांना मीठ लावलेलं. आमचे गावचे काका ग्लास बघून हळूच मला म्हणाले, "नंदू, देवासमोर नको रे!"

*

मालिका-सिनेमांचं एक ॲप होतं, ते एकट्याला परवडत नव्हतं. म्हणून तिघांत घेतलं. मी, परबअण्णा आणि माझ्या ऑफिसातला गिरगावचा देशपांडे. अण्णांनी कशाला घेतलं? तर त्यांच्या घरातला टीव्ही वहिनींच्या ताब्यात. अण्णा मोबाइलवर बघणार.

त्या ॲपवर एका वेळी दोघांनाच बघता येतं. तिसरा आला की पाटी येते, जागा नाही. त्यामुळे आमच्या ग्रुपवर संध्याकाळी शेअर टॅक्सीच्या स्टँडसारखी बोलणी.

"कोण आत आहे? कोणीतरी उतरा."

"दहा मिनिटं दे रे. हिरो मरतोय," देशपांडे.

"मेला की सांग."

आणि एक दिवस परबवहिनी विरजण मागायला आल्या. मी नवीन खेळणं दाखवायच्या मूडमध्ये. "बघा वहिनी, काय टेक्नॉलॉजी आहे! कोण काय बघतं, किती बघतं, सगळं इथे दिसतं." आणि मी मूर्खाने उदाहरण म्हणून अण्णांचं नाव दाबलं.

पडद्यावर एक कोरियन प्रेमकथा. अख्खी बघून झालेली. दुसरी अर्धी झालेली. सगळ्या पोस्टरवर एक मुलगा, एक मुलगी आणि मधे छत्री.

वहिनी बघतच राहिल्या. "पण हे टीव्हीच बघत नाहीत. संध्याकाळी तर हे देवळात जाऊन बसतात..."

मला आता कुठे कळलं, आपण काय केलंय. मी रिमोट शोधायला लागलो. तो माझ्याच हातात होता.

वहिनी विरजण न घेताच निघाल्या. दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "तरीच देवळातून आले की डोळे लाल! मी म्हटलं, भक्ती वाढली!"

*

अण्णांनी माझ्याशी अबोला धरला. वर्ल्डकपची मॅच आली तेव्हा सोडला. मॅच आमच्याकडे इंटरनेटवर. अण्णा आले, सोफा सोडून गॅलरीच्या दाराजवळ स्टूल टाकून बसले. म्हणाले, "इथे वारा बरा येतो."

दुसऱ्याच ओव्हरला अण्णा पुटपुटले, "हा आता जाणार." आणि पुढच्या बॉलला तो गेला! मग म्हणाले, "सिक्स." बॉलर अजून धावतोय. सिक्स!

मी वेडा झालो. "अण्णा, कसं काय?"

"नंदू, बॅट्समनच्या खांद्याकडे बघायचं. खांदा सगळं सांगतो."

मग काय, मी पूर्ण मॅच खांदे बघितले. पैज लावली, हरणाऱ्याने सगळ्यांना भजी. मी खांदा बघून सांगायचो चौका, अण्णा सांगायचे विकेट. विकेट! लालबागच्या दुकानातून मी दोनदा भजी आणली. तिसऱ्यांदा आणायला निघणार, एवढ्यात शेवटची ओव्हर आली. आमच्या टीव्हीवर एक बॉल बाकी, दोन रन हवे. घरात श्वास रोखलेले. वैशाली वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेली होती, ती तिथूनच ओरडली,

"अहो, जिंकलो! खाली मंडळाच्या ऑफिसात नाचतायत सगळे!"

खाली मंडळाच्या ऑफिसात केबल होती. इंटरनेटच्या बरीच पुढे. तिथला आरडाओरडा गॅलरीच्या दारात अगदी स्पष्ट ऐकू येत होता.

आमच्या टीव्हीवर बॉलर अजून रनअपला उभा होता. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा एकाग्र चित्ताने बॅट्समनच्या खांद्याकडे बघत होते.

*

इथपर्यंत सगळी मजा. पण एक गोष्ट मला टोचत होती. आईची साडेसातची एक मालिका होती. सुलक्षणा नावाच्या सोशिक सुनेची. ती आमच्या फुकटच्या डिशवर येत नव्हती आणि आमच्या ॲपवरही नव्हती. साडेसात वाजले की आई टीव्हीकडे पाठ करून गॅलरीत जाऊन बसायची. एका म्हाताऱ्या बाईची अर्ध्या तासाची सोबत मी काढून घेतली होती.

एकदा ऑफिसातून लवकर सुटलो. जिना चढतोय तर वर आईचा आवाज. गॅलरीत आई खुर्चीत, समोर मजल्यावरच्या चार-पाच बायका. कोणी भाजी निवडतेय, कोणी नुसतीच बसलीय. परबवहिनी सगळ्यात पुढे.

आई सांगत होती, "...मगे सुलक्षणान सासरचा घर सोडल्यान. भोईवाड्यात खोली घेतल्यान भाड्यान. आणि जेवणाचे डबे सुरू केल्यान. आता सासू तिच्याकडे चपात्यो लाटूक येता."

"सासू?" एक बाई किंचाळली.

"येतलीच तर! घरात तिका कोण विचारता?"

मी थक्क. म्हणजे आई कुठेतरी मालिका बघतेय! मी सुटकेचा श्वास सोडला. आत जाऊन वैशालीला विचारलं, "आई कोणाकडे जाते मालिका बघायला?"

वैशाली भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "कुठेच नाही जात. आणि अहो, माझ्या ऑफिसातल्या बायका रोज बघतात ती मालिका. सुलक्षणा हॉस्पिटलमध्ये आहे. गणपतीपासून बेशुद्ध आहे ती!"



रात्री जेवताना मी आईला म्हटलं, "आई, उद्या जुना पॅक परत सुरू करतो. तुझी मालिका येईल."

आईने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "कित्याक? माका आता येळ नाय रे. उद्या सुलक्षणाक लग्नाच्या जेवणाची पयली मोठी ऑर्डर गावतली. माका सगळा ठरवूचा असा. भाजी काय, गोड काय..."

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशीही लवकर येऊन, गॅलरीत बायका जमायच्या आधी मी परबवहिनींना गाठलं. त्या हातात वाटाणे घेऊन पुढची जागा धरायला निघाल्या होत्या. त्यांच्या खोलीतून त्या मालिकेच्या कालच्या भागाचं संगीत बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

"वहिनी, तुमच्याकडे तर केबल आहे. तुम्ही मालिका बघत नाही का?"

"बघते की. रोज बघते." वहिनींनी पदर खोचला आणि आवाज खाली आणला. "पण भाऊजी, ते चुकीचं दाखवतात."