साडभाऊंच्या उत्तराला लागणारा वेळ

अख्ख्या वऱ्हाडात समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे साडभाऊ, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्याच माणसाला लोक "आता ह्याईले काई समजत नाई" म्हणतात, तेही तोंडावर. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारून गेला. हातपाय सुधारले, बोलणं मागे राहिलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, की कान शाबूत आहेत, अक्कल शाबूत आहे. ऐकलेले शब्द अर्थापर्यंत न्यायची मेंदूतली जवळची वाट तेवढी मोडली, आता ते लांबून जातात. हळू बोला, एका वेळी एकच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. गोळ्या आम्ही नेमाने आणल्या. थांबणं कोणी आणलं नाही.

थांबायचं सोडून लोक ओरडतात. लकव्याआधी अकोटच्या बाजारात आपली शेवंतीची फुलं विकताना, चार गिऱ्हाइकांशी घासाघीस करता करता पाचव्याची कुजबुज पकडणाऱ्या माणसाच्या कानाशी येऊन "भाऊ, जेवले काय" असं बोंबलायचं, जणू ते बाळापूरला बसलेत. वर त्याच दमात लागवड, हवामान आणि कोणाचं तरी ऑपरेशन. साडभाऊ डोळे बारीक करून अजून जेवणावरच असतात. चहा घेणार का, याचं "हो" येतं तेव्हा कप धुऊन पालथे पडलेले असतात. बायकोचं नाव त्यांना अजून सापडत नाही, पण भजनात बसवा, अभंग न अडखळता म्हणतात. शिव्याही तशाच. एकदा एक शेजारी त्यांच्यापुढे पोळी नाचवून "पो-ळी, पो-ळी" असं शिकवायला लागला. साडभाऊंनी त्याच्या खानदानाचा असा स्वच्छ, अस्खलित उद्धार केला, की मला डॉक्टरांना पेढे पाठवावेसे वाटले.

लोकांवर चिडायला मला आवडतं. पण तो हक्क माझा नाही, हे एकदा सांगून टाकतो.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं साक्षगंध होतं. मुलाकडची मंडळी दर्यापूरची. आमच्यात कुंकू लावायच्या आधी बापाने भर बैठकीत स्वतःच्या तोंडाने "दिली" म्हणायचं असतं. मुलाच्या काकांनी व्याह्यांना विचारलं, "काय इवाई, पोरगी देता ना?" साडभाऊंनी मान वर केली. प्रश्न आत पोचत होता, मला दिसत होतं. बैठकीत खोकले सुरू झाले, कोणी घड्याळ पाहिलं. आणि मला त्यांची लाज वाटली. मीच म्हणालो, "दिली म्हणतात ते."

कुंकू लागलं, ताटं मांडली. पंगतीत माझ्या शेजारी वरणभात कालवताना त्यांचा हात थांबला. एकेक शब्द जपून खाली ठेवावा तसे ते म्हणाले, "पोरीले... इचारलं काय?"

विचारलं नव्हतं. तिच्या आईने आणि मी परस्पर ठरवलं होतं. त्यांचा प्रश्न मला पहिल्याच फटक्यात समजला. मी वाढप्याला हाक मारली आणि म्हणालो, "यांच्या ताटात भात वाढ. त्याईले समजत नाई, तू वाढ." साडभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. मग जेवले.

पोरगी सुखात आहे, असं सगळे म्हणतात. दिवाळीला माहेरी आली, तेव्हा तिला विचारायचंच असं ठरवून मी गेलो. ओसरीवर ती बापासमोर बसली होती. त्यांना काहीतरी विचारून, हातातली भाजी सुपात ठेवून, त्यांच्या तोंडाकडे पाहत ती थांबली होती. साडभाऊंचे ओठ हलत होते. त्या दोघांच्या मध्ये बोलायचं माझ्याने झालं नाही. चपला तशाच पायात ठेवून मी दारात उभा राहिलो.