मेमरीच्या खाचेत

दिवाळीच्या तोंडावर माझा कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. कधी निळी स्क्रीन यायची, कधी काहीच न सांगता मशीन पुन्हा सुरू व्हायचं. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करत होते, तेही अजून प्रोबेशनवर. भर मीटिंगमधून पुन्हा गायब झाले, तेव्हा टीम लीड म्हणाली, "शुक्रवारचा डेमो नीट झाला नाही, तर तू इकडे ऑफिसलाच येऊन बस." ती चिडून बोलली नव्हती. मला मात्र पुण्याला जाऊन अनोळखी मुलींबरोबर एका खोलीत राहायचं नव्हतं. हे तिला सांगितलं नाही. "हो, बघते," एवढंच म्हटलं.

मशीन आमच्या गावातल्या छावणी भागात दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने झाकण उघडून वरवर पाहिलं.

"बोर्ड गया, बाई. नया डालो, नहीं तो रोज रोते बैठो."

मला ते पटलं नव्हतं. मशीन तापत नव्हतं, यूपीएसही ठीक होता. पण दुकानात गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यांच्यासमोर वाद घालणं मला जमणारं नव्हतं. मशीन मांडीवर घेऊन रिक्षाने परत आले.

घरी मेमरी तपासणारा प्रोग्राम लावला. त्यात चुका दिसल्या. मग मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून एकेक करून लावून पाहिल्या. पहिल्या खाचेत दोन्ही व्यवस्थित चालत होत्या. दुसऱ्या खाचेत कुठलीही घातली की चुका यायच्या. म्हणजे पट्ट्या चांगल्या होत्या, खाचच बिघडली होती. मोबाइलचा टॉर्च मारला. आत पिवळी-लाल भुकटी बसली होती आणि कडेला तांदळाचा एक दाणा.

आई दारातच उभी होती. खंडेनवमीला तिने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या. वरची जाळी तिला नक्षी वाटली होती.

"माझ्यामुळं झालं व्हय?"

"थोडंसं."

"थोडंसं काय गं? व्हय म्हण की सरळ."

"हो."

"नोकरी टिकू दे म्हणून लई मनापासून वाहिलं होतं."

"जरा जास्तच आत पोचलं."

ती हसली नाही. मी चिमट्याने दाणा काढला, मऊ ब्रशने खाच झाडली. हळद पुरती निघेना. शेवटी ती खाच रिकामीच सोडली आणि एकाच पट्टीवर काम सुरू केलं. मशीन रेंगाळत चालायचं, पण बंद पडत नव्हतं.

शुक्रवारी डेमो पूर्ण झाला. टीम लीडने विचारलं, "नक्की काय झालं होतं?"

"एक स्लॉट खराब होता."

"बरं. मग सध्या घरूनच चालू ठेव."

मी कॅमेरा बंद केल्यावर आई आत आली.

"काय म्हणाली?"

"घरूनच."

"माझं नाव सांगितलं?"

"नाही."

"बरं केलंस." तिने टेबलावरून नजर फिरवली. "पुढच्या वर्षी नुसता माऊस पुजीन. त्याला तर भोकं नायत ना?"

मी माऊस उलटा करून खालचं भोक पाहिलं आणि म्हटलं, "वरून चालेल."