चौदाव्या दिवसापर्यंत

आमच्या टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये किस्से साठतात ते एकाच कारणाने. गर्भ पिशवीत सोडला की चौदाव्या दिवशी रक्त तपासायचं, आणि मधल्या दिवसांत गोळ्या घेण्यापलीकडे कुणाला काही कामच नसतं. रिकामं बसवत नाही, मग माणसं काहीतरी करून ठेवतात. मी तिथे सिस्टर आहे, त्यामुळे सगळे फोन मलाच.

कुरुंदवाडचे एक पावणे दुपारी बायकोला गाडीत घालून निघाले, ते अंधार पडताना घरी पोचले. "परत्येक स्पीडब्रेकरला तिला उतरवलं, चालत पलीकडं न्हेलं, मग गाडी घेतली," त्यांनी अभिमानाने सांगितलं. मागून बायकोचा आवाज आला, "सिस्टर, पायाचं तुकडं पडलं की माझ्या!"

दुसऱ्या एकाने घरी तपासायचं किट आणलं, आणि ते चांगलं आहे का बघायला आधी स्वतःचीच तपासणी केली. "माझं निगेटिव आलं, सिस्टर. किट पक्कं हाय."

एकीने तर तिसऱ्याच दिवशी तपासलं. दोन रेषा! सासरे पेढे घेऊन दारात हजर. अंडी काढण्याआधी दिलेल्या इंजेक्शनमुळेही रेषा उमटते, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. डॉक्टर मॅडमनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "हा तुमच्या घाईचा. बातमीचा चौदाव्या दिवशी." तोही मिळाला.

शाहूवाडीच्या वैशालीचं मात्र मला हसू येत नाही. तिची ही तिसरी खेप, आधीच्या दोन्ही फुकट गेलेल्या. यावेळी सहाव्या दिवशीच तिने घरी तपासलं, एकच रेषा आली, आणि रडत तिने गोळ्या बंद करते म्हणून फोन केला. गर्भ चिकटायला आणि तपासणीत दिसायला वेळ लागतो, हे मी सांगतच होते, तेवढ्यात तिची सासू तिला म्हणालेली ऐकू आली, "भात पेरून सहाव्या दिवशी उकरून बघतीस व्हय? घे ती गोळी." वैशालीने गोळ्या चालू ठेवल्या, पण तिची झोप उडाली ती उडालीच.

चौदाव्या दिवशी सकाळी रक्त देऊन दोघी गावी परतल्या. दुपारी रिपोर्ट आला. तो पेशंटलाच सांगायचा, असा आमचा नियम. फोन सासूने उचलला.

"वैशालीला द्या," मी म्हटलं.

"झोपलीया. किती दिसांनी आज डोळा लागलाय तिचा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मला काय सांगू नगा, बाई. वाईट असंल तर झोपू दे तिला. चांगलं असंल तर उठवते. उठवू?"

मी म्हटलं, "उठवा."