नामजोशीबाईंचं ‘कशावरून?’

“नमस्कार, मी डॉक्टर,” एवढंच मी म्हटलं होतं. खुर्चीत ताठ बसलेल्या नामजोशीबाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कशावरून?”

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातल्या माझ्या दवाखान्यात भिंतीवर चार सर्टिफिकिटं फ्रेम करून लावलेली होती. असा प्रश्न कुणाला पडूच नये, म्हणूनच तर ती लावली होती. मी मोठ्या रुबाबात तिकडे बोट दाखवलं. बाई उठल्या, हात पाठीमागे बांधून चारही सर्टिफिकिटं खालच्या सह्यांसकट वाचून आल्या आणि म्हणाल्या, “ठीक. बोला.” त्यांचा मुलगा श्रीकांत कानापर्यंत लाल झाला. “आई, प्लीज!” तो म्हणाला. सूनबाई मीना खिडकीतून पार्किंग लॉट पाहत बसली.

बाई सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. ‘कशावरून’ हे त्यांचं पालुपद. धडाधड पाठ उत्तर म्हणणाऱ्या मुलीला त्या मध्येच थांबवून हा प्रश्न विचारायच्या, आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची म्हणे. यजमान गेल्यावर श्रीकांतने त्यांना अमेरिकेत आणलं, तरी ती सवय काही सुटली नाही. सुपरमार्केटमध्ये पाववाला “व्हेरी फ्रेश, मॅम,” म्हणाला, तर बाईंनी त्यालाही शांतपणे विचारलं होतं, “हाऊ डू यू नो?”

आता थोडं माझ्याविषयी, कारण या गोष्टीत मूर्ख माणूस लागणार आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा ‘पोटाचा डॉक्टर’ होतो. गणपतीच्या जेवणात हातात श्रीखंडाची वाटी असताना लोक मला आपल्या अ‍ॅसिडिटीचं वर्णन ऐकवत, आणि मी घास न थांबवता मत देत असे. माझं मत चुकलंय असं तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे ते चुकत नाही, असं मी धरून चाललो होतो.

बाईंना वर्षभर जुलाब होत होते. वजन उतरलं होतं, रक्त कमी झालं होतं, आणि हातातल्या दोन बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. श्रीकांतचं निदान तयार होतं. “आई इंडिया मिस करतेय. डिप्रेशन असणार.” मी तपासण्या केल्या आणि आतड्याचा इवलासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आजार होता सीलिएक. गव्हात ग्लूटेन नावाचा चिकट पदार्थ असतो. या आजारात तो आतड्याला सोसत नाही, आणि आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झडून जाते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध एकच, गहू जन्मभर बंद. अगदी चिमूटभरसुद्धा चालत नाही.

“आश्चर्य आहे,” मी म्हणालो. “हा गोऱ्या लोकांचा आजार.”

“कशावरून?” बाई म्हणाल्या. “माझ्या आतड्याचा पासपोर्ट पाहिलात?”

मग त्यांनी स्वतःची स्लाइड पाहायला मागितली. असं मागणारा पेशंट मला पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. “एकतीस वर्षं फळ्यावर काढत आले ही लव,” त्या म्हणाल्या. “माझीच गेली की हो.” मग जणू वर्गाला समजावून सांगावं तसं म्हणाल्या, “बरोबर आहे. सांगलीला मी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खायचे. इथं आल्यापासून रोज पोळी आणि पाव.” जे शोधायला मला एक महिना आणि तीन मशिनं लागली होती, ते त्यांनी दोन वाक्यांत जुळवून टाकलं.

हॉस्पिटलच्या डाएटिशियनने, डोरोथीने, बाईंना एक छापील यादी दिली आणि पोस्टाने मागवलेला डबाबंद ग्लूटेन-फ्री पाव दिला. बाईंनी त्याचा एक घास खाल्ला आणि पाव उलटसुलट करून पाहिला. “हा आमच्या शाळेतला डस्टर आहे,” त्या म्हणाल्या. झालं, माझा मराठी बाणा जागा झाला. ही अमेरिकन मंडळी काय सांगणार आपल्याला पथ्य! मी प्रिस्क्रिप्शनचं पॅड ओढलं आणि त्यावर झोकात मराठीत लिहून दिलं : तांदळाची भाकरी, साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिरा, आणि दोन्ही वेळा मऊ भात, तूप, मेतकूट. खाली इंग्रजीत सही ठोकली. लहानपणी ताप येवो, पोट बिघडो नाहीतर परीक्षेत कमी मार्क पडोत, आमच्या आईचा इलाज मेतकूट-भात हाच असे. मेतकूट हे माझ्या लेखी अन्न नव्हतंच, औषध होतं. माझा उत्साह इतका की, पुण्याहून आईने पाठवलेला मेतकुटाचा भरलेला मोठा डबा मी दुसऱ्या दिवशी घरून आणून बाईंच्या हातात ठेवला.

“घरचं आहे,” मी म्हणालो. “डोळे मिटून खा.”

यावर बाईंनी ‘कशावरून’ विचारलं नाही. डॉक्टरने स्वतःच्या आईच्या हातचं दिलं होतं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

पहिल्या महिन्यात बाईंना जरा बरं वाटलं. मग गाडी अडली. जुलाब पुन्हा सुरू झाले, वजन आणखी उतरलं. मी विचार करून उपाय काढला, मेतकूट-भात तीन वेळा खा. बाईंनी तो इमानेइतबारे खाल्ला आणि आणखी खंगल्या. तिसऱ्या महिन्यात मी पुन्हा आतड्याचा तुकडा तपासला. लव होती तशीच झडलेली. डोरोथी म्हणाली, “सगळे लपूनछपून खातात, डॉक्टर. म्हातारे तर जास्तच.” मला ते पटलं. दोनच शक्यता होत्या. एक तर माझी यादी चुकीची, नाहीतर बाई खोट्या. पहिली शक्यता माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

श्रीकांत आणि मीनाला मी मुद्दाम आत बोलावलं. मग चेहरा गंभीर करून म्हणालो, “बाई, खरं सांगा. अधूनमधून पोळी खाता ना?”

“कशावरून?”

“रिपोर्टवरून.”

“रिपोर्टमध्ये पोळी दिसते?”

“गहू पोटात जातोय, हे दिसतं.”

“मग गहू जातोय एवढंच म्हणा,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “मी चोरून खाते म्हणू नका. ही दोन वेगळी वाक्यं आहेत, डॉक्टर. कॉपी करणाऱ्या मुली मी जन्मभर पकडल्या. पण पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेतलं नाही.”

मी समजूतदार हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्यांच्यासमोरच मी फाइलमध्ये इंग्रजीत लिहिलं, ‘पेशंट पथ्य पाळत नाही.’ बाईंना उलटं ठेवलेलं अक्षर वाचता येत होतं. शिक्षिकाच त्या.

पुढचं मला श्रीकांतकडून फोनवर कळलं. मीनाने कणकेचा डबा गॅरेजमध्ये उंच फळीवर नेऊन ठेवला. पोळ्या झाल्या की ती मोजून झाकायची. एकदा श्रीकांतने आईच्या खोलीतले ड्रॉवरही उघडून पाहिले. ते बाईंच्या लक्षात आलं, आणि त्या दिवसापासून त्या टेबलावर जेवायला येईनाशा झाल्या. आपल्या खोलीत, दार उघडं ठेवून, मांडीवर ताट घेऊन मेतकूट-भात खायच्या. मग त्यांनी सांगलीला परत जायचं ठरवलं. तीन आठवड्यांनंतरचं तिकीट काढलं होतं. “मुलाच्या घरात मी चोर म्हणून राहणार नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. “तुम्हीच समजवा तिला, डॉक्टर,” श्रीकांत म्हणाला. मी म्हणालो, “म्हातारपणी हट्टीपणा येतोच.” फोन ठेवून मी शांत चित्ताने जेवलोसुद्धा.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात चहासाठी घुटमळत होतो. तिथे मी एरवी चहापुरताच जात असे. माझी बायको उज्ज्वला कढईत काहीतरी खमंग भाजत होती. ओट्यावर आईचं पत्र उघडून ठेवलं होतं.

“काय चाललंय?”

“मेतकूट. आपला डबा तू देऊन टाकलास ना कुणाला तरी! आईंकडून कृती मागवली.”

मी वाटीतली हरभऱ्याची डाळ ओळखली, उडदाची ओळखली, तांदूळही ओळखले. शेवटच्या वाटीवर बोट ठेवून म्हणालो, “आणि हे?”

“गहू.”

“ते कशाला?”

“मेतकुटात घालायला.”

“मेतकुटात गहू असतो?”

“मग काय सिमेंट असतं?” उज्ज्वला म्हणाली. “मूठभर घालतात. चाळीस वर्षं खातोयस आणि आत काय असतं ते माहीत नाही?”

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कधी? डबा कुणाला देतोयस म्हटलं, तर ‘पेशंटच्या गोष्टी घरी बोलत नसतो’ म्हणालास.”

तसं मी म्हणालो होतो खरं, अगदी याच सुरात. आतड्याचा कोपरा न् कोपरा पाहिलेला हा तज्ज्ञ आपल्या घरच्या डब्यात काय आहे ते पाहायला कधी वाकला नव्हता. तीन महिने मी स्वतःच्या हाताने बाईंना गहू चारत होतो, दिवसातून तीन वेळा, वर लेखी. आणि चोर ठरवलं होतं त्यांना.

चहा तसाच टाकून मी गाडी काढली. बाई खोलीत बॅग भरत होत्या. मनगटं इतकी बारीक झाली होती की बांगड्या काढून ठेवलेल्या. मी दार लोटायला गेलो तर म्हणाल्या, “उघडं असू दे.” मी खालच्या आवाजात कसंबसं सांगितलं. मेतकूट, मूठभर गहू, माझी चूक. बाई हातातली घडी घातलेली साडी बाजूला ठेवून म्हणाल्या, “आरोप सगळ्यांसमोर केलात. आता कानात काय सांगता?” आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, “श्रीकांत, मीना, इकडे या. डॉक्टर काही बोलणार आहेत.”

मी उभा राहून पुन्हा सगळं बोललो. वर्गातसुद्धा मी इतका सरळ उभा राहिलो नव्हतो. मीना ऐकता ऐकता रडायला लागली. ती गॅरेजमध्ये गेली, कणकेचा डबा आणून तिने स्वयंपाकघरात जागच्या जागी ठेवला आणि परत येऊन बाईंच्या पाया पडली. बाईंनी मीनाला उठवलं. मग माझ्याकडे वळल्या.

“यात निम्मी चूक माझी,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे मेतकूट जाऊबाई करायच्या, मी शाळेत असायचे. पण विचारता तर आलं असतं. आयुष्यात एकदाच ‘कशावरून’ विचारलं नाही, ते तुमच्या आईच्या डब्याला.”

त्यांनी मला असं निम्म्यावर सोडलं, ते मला शिक्षेपेक्षा जड गेलं.

सोमवारी त्या दवाखान्यात हजर झाल्या. “ती फाइल काढा.” मी पान उघडलं. इथल्या नियमाप्रमाणे पेशंटच्या कागदावरचं काही पुसता येत नाही. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारायची, ‘चूक’ असं लिहायचं, शेजारी सही आणि तारीख. मला वाटलं, बाईंना हे चालणार नाही. मी कचरत नियम सांगितला.

“उत्तम नियम आहे,” बाई म्हणाल्या. “मीही वर्गात खोडरबर चालू देत नसे. काय चुकलं होतं ते वाचता आलं पाहिजे.”

मी रेघ मारली. ‘चूक’ लिहून सही केली. ते त्यांनी उलट्या बाजूने वाचलं आणि पसंतीची मान हलवली.

तिकीट त्यांनी रद्द केलं नाही, चार महिने पुढे ढकललं. तेवढ्या काळात बांगड्या पुन्हा मनगटावर थांबू लागल्या. मी म्हणालो, “बाई, तुम्ही बऱ्या झालात,” तर प्रश्न ठरलेलाच. मग पुन्हा तुकडा काढला, पुन्हा स्लाइड. या खेपेला त्यांनी आधीपेक्षाही जास्त वेळ पाहिलं. “उगवलीय,” त्या म्हणाल्या. विमानतळावर मीना त्यांच्या गळ्यात पडून, पुढच्या उन्हाळ्यात याच, असं सांगत होती. त्या दोनदा येऊनही गेल्या.

त्यांच्यामुळे मला एक खोड लागली. पेशंटची काकू असो, मावशी असो, मी पथ्य लिहिण्याआधी विचारतो, “यात काय काय घालता?” डबा घेऊन या म्हणतो. मंडळातले लोक चेष्टा करतात की, डॉक्टर हल्ली आजारापेक्षा मसाल्यांचीच चौकशी जास्त करतात. ‘पथ्य पाळत नाही’ हे वाक्य मी त्यानंतर फाइलमध्ये लिहू शकलेलो नाही. पेन तिथं येऊन थांबतं.

दरवर्षी सांगलीहून कुणाच्या तरी हाती मला मेतकुटाचा एक डबा येई. वर चिकटवलेल्या कागदावर बाईंच्या फळ्यावरच्या वळणात सगळे जिन्नस लिहिलेले असत आणि शेवटी, ‘गहू नाही.’ त्याखाली एक ओळ : ‘कशावरून? जाऊबाईंच्या समोर बसून करून घेतलं.’

दशक संपता संपता बाई सांगलीतच गेल्या, झोपेत. श्रीकांत दिवस करून परतला तो सरळ आमच्याकडे आला. त्याच्या हातात डबा होता. आईने आठवड्यापूर्वीच भरून ठेवला होता, म्हणाला. कागदावरचं अक्षर थोडं हललं होतं, पण ओळी त्याच होत्या.

तो गेल्यावर मी स्वतः मऊ भात लावला. एव्हाना मला तेवढं येऊ लागलं होतं. वर तूप घातलं, मेतकूट घातलं आणि पहिला घास घेतला. उज्ज्वला समोर बसली होती.

“रडतोयस?” तिने विचारलं.

मी मान खाली घालून म्हणालो, “कशावरून?”