माझा प्लास्टिकमुक्त मठ्ठा

गेल्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा माझ्याच स्वयंपाकघरातल्या डब्यांचा संशय आला.

नांदेडच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवतो, तिथे एका डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान होतं. (मी गेलो होतो पंख्याखाली बसायला. ज्ञान अपघातानं झालं.) बाई म्हणाल्या, काही प्लास्टिकमधली रसायनं अन्नात उतरतात आणि शरीरात जाऊन हार्मोन्सचं सोंग घेतात. मग थायरॉइडपासून मूलबाळ होण्यापर्यंत सगळ्या कारभारात ही सोंगं लुडबुड करू शकतात. म्हणून गरम आणि तेलकट पदार्थ प्लास्टिकमध्ये ठेवू नका.

'गरम आणि तेलकट' हे शब्द माझ्या कानावरून गेले. कारण तोवर मी स्वतःची तपासणी सुरू केली होती. पोट सुटलंय. टक्कल पडलंय. मालिकेतली सून रडायला लागली की तिच्या आधी माझे डोळे भरतात. सगळे पुरावे जुळत होते!

घरी जाऊन बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती.

"अहो, ते हार्मोन न्हाई, वय हाय."

"आणि हे पोट?"

"ते भज्यांनी आलंय."

पण संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा मुक्कामच करतो. मी डबे हुंगू लागलो. पाण्याच्या बाटल्या उन्हाकडे धरून बघू लागलो. शाळेसमोरच्या टपरीवाल्याला तर मी रंगेहाथ पकडलं. तो उकळता चहा पातळ पिशवीत ओतत होता.

"अरे, लोकांचे हार्मोन बिघडवून राहिलास तू!" मी ओरडलो.

तो शांतपणे म्हणाला, "सर, साखर कमी टाकू का?"

(या चहाच्या बाबतीत मात्र मी शंभर टक्के बरोबर होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे असा प्रसंग पुन्हा येणार नाही.)

त्याच सुमारास सुनंदाला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. तिच्या हातच्या मठ्ठ्याचं गल्लीत लई नाव. नायगावचे गंगाधरराव यांच्या मुलीचा साखरपुडा होता, शंभर माणसांच्या पंगतीला मठ्ठा तिनं द्यायचा होता. "हे जमलं तर लग्नसराईत बघायला नको," ती म्हणायची. पंधरा दिवस झोपेतही ती जिरे भाजत होती. मठ्ठा न्यायला तिनं नवं कोरं निळं पिंप आणलं. प्लास्टिकचं!

शंभर माणसांचे हार्मोन! त्यात नवरा-नवरी!

मी माळ्यावरून सासऱ्यांनी लग्नात दिलेला पितळी हंडा गुपचूप उतरवला. चिंच आणि राखेनं बाहेरून असा घासला की त्यात माझं टक्कल चमकू लागलं. मग आत डोकावलो. आतून सगळीकडे पांढरट थर! हे काय? नक्कीच कसलं तरी केमिकल! मी काचकागद घेतला आणि दोन दुपारी खपून तो थर पार खरवडून काढला. आतून हंडा सोन्यासारखा पिवळाधमक झाला. इतकी सुंदर कलाकृती मी आयुष्यात केली नव्हती.

साखरपुड्याच्या सकाळी सुनंदा साडी नेसायला आत गेली, तेवढ्यात मी पिंपातला मठ्ठा हंड्यात ओतला, वर फडकं बांधलं आणि टेम्पोत चढवला. नायगावला पोचून तिनं हंडा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. पण गंगाधरराव स्वागताला आले आणि तिला तोंड उघडता आलं नाही. त्यातच बिलोलीचे वरपक्षाचे लोक दोन तास उशिरा आले. मे महिन्याचं ऊन, वर फडकं, आत मठ्ठा.

पंगत बसायच्या आधी मी हंड्यापाशी उभा राहून प्लास्टिकवर भाषण ठोकलं. पुरावा म्हणून अर्धा पेला स्वतः घटाघट प्यायलो. चव जरा कडवट वाटली. (त्यागाची चव असेल, असं मी समजलो.) दुसरा पेला नवरदेवाच्या आजींच्या हातात दिला.

आजींनी पेला डोळ्यांजवळ नेला. "सर, हे हिरवं का दिसून राहिलं?"

"कोथिंबीर लई टाकलीय, आजी."

"कोथिंबीर तर वर तरंगून राहिली. हिरवं खाली हाय."

आजींनी पेल्याकडे, मग मुलीकडच्यांकडे, मग मुलाच्या बापाकडे बघितलं. गंगाधररावांचा चेहरा मठ्ठ्याच्याच रंगाचा झाला. तेवढ्यात सुनंदा धावत आली आणि तिनं आजींच्या हातातला पेला काढून घेतला.

"थांबा! कुणी पिऊ नका! पितळंत आंबट कळकलंय, इख झालंय!" तिनं हंड्यात वाकून बघितलं. "अहो... आतली कल्हई कुठं गेली?"

"ते पांढरं केमिकल? मी काढून टाकलं ना!"

यानंतर ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, कारण मी मांडवामागे उलट्या करत होतो.

परत आलो तेव्हा सुनंदानं अख्खा मठ्ठा सगळ्यांदेखत ओतून दिला होता आणि हात जोडून उभी होती. "चूक आमची हाय. मुलीकडच्यांचा काही दोष न्हाई. तासाभरात ताजा देते." ते बघून गंगाधररावांच्या गल्लीतल्या बायका पदर खोचून उठल्या. घराघरातून दही आलं. स्वयंपाक्याची भांडी भरलेली. रिकामा होता फक्त एक प्लास्टिकचा टब.

"गार ताकाला तासभर चालंल का हो?" सुनंदानं विचारलं. तेव्हा कुठे मला डॉक्टरीणबाईंचे 'गरम आणि तेलकट' हे शब्द आठवले. मी मान खाली घातली आणि शंभर माणसांचं दही त्या टबात घुसळलं. दर पाच मिनिटांनी मांडवामागे जाऊन येत.

साखरपुडा झाला. सुनंदानं नंतर मठ्ठ्यासाठी दूधवाल्यांसारखे स्टीलचे कॅन घेतले, आणि गरम काहीच प्लास्टिकमध्ये ठेवत नाही. (हे तिनं स्वतःहून ठरवलं, असं तिचं म्हणणं आहे.)

लग्नाच्या मठ्ठ्याची ऑर्डरही आजींनी तिलाच दिली. "बाई खरी हाय," त्या म्हणाल्या. अट एकच घातली: पहिला पेला सरांनी प्यायचा, सगळ्यांसमोर, आणि अर्धा तास हलायचं न्हाई.

ही अट आता नायगावपासून बिलोलीपर्यंत रिवाज झालीय. मी पेला रिकामा करून खुर्चीवर बसतो, आणि अख्खी पंगत घड्याळाकडे आणि माझ्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहते. परवा मला नुसती उचकी लागली, तर अर्धा मांडव रिकामा झाला!